उसाचे बिल आणि प्लॉटचा सौदा


बिल जमा झाले की प्लॉटचे दलाल गावात फिरू लागतात. आम्ही शेती खात्याची माणसे एवढेच सांगतो: इसार देण्याआधी कागद बघा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, कूळ तिथेच कळते. फेरफार काढा, वारसांत बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. 500 चौरस मीटरांवरील जागेत प्लॉट पाडून विकत असतील तर 2016 च्या कायद्याखालचा महारेरा क्रमांक मागा. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. खरेदीखत नोंदवावेच लागते. किमतीत मुद्रांक, नोंदणी, मोजणी धरा. आणि लागणीचे भांडवल त्यात घालू नका. मोठ्या बांधणीला खत लागते, तेव्हा प्लॉटाला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही!