आनंदवनाचा संसार : साधनाताई आमटे आणि एका वसाहतीचे गाव होणे

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा या गावाला लागून असलेले आनंदवन हे ‘महारोगी सेवा समिती’ या संस्थेने उभारलेले कुष्ठरुग्णांचे वसतिस्थान होय. परंतु त्याला रुग्णालय म्हणावे तर तेथे शेती, गोठे, हातमाग, शाळा, महाविद्यालये आणि लग्नकार्ये यांचाच व्याप मोठा दिसतो, आणि आश्रम म्हणावे तर तेथील दिनक्रमाच्या मध्यभागी उपासना नसून श्रम आहेत. मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांनी या संस्थेची कल्पना कशी केली, हे पुष्कळांनी लिहिले आहे. त्या कल्पनेत माणसे राहू कशी लागली, त्यांनी खाल्ले काय, आजारपणात त्यांच्या उशाशी कोण बसले आणि ज्यांना रक्ताच्या नात्यांनी टाकले त्यांना पुन्हा नाती कोठून मिळाली, या प्रश्नांची उत्तरे मात्र साधनाताई आमटे यांच्या आयुष्यात शोधावी लागतात. संस्थेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा बाबांच्या सहधर्मचारिणी म्हणून होतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

साधनाताईंचे माहेरचे नाव इंदू घुले. त्यांचा जन्म 5 मे 1926 रोजी नागपूरच्या एका सनातनी, शास्त्री-पंडितांच्या घराण्यात झाला, आणि ज्या घरात सोवळ्याओवळ्याचे, म्हणजे स्पर्शाच्या शुद्धाशुद्धतेचे, नियम कसोशीने पाळले जात त्या घरातच त्यांची जडणघडण झाली. घरच्या लग्नाच्या धांदलीत ही मुलगी कोणाच्या नकळत वृद्ध मोलकरणीच्या कामाला हात लावते आहे, हे मुरलीधर आमटे यांनी पाहिले आणि तिलाच मागणी घालायचे ठरवले, ही हकिगत आमटे कुटुंबाविषयीच्या लेखनात वारंवार येते. तिच्यातील भावुकतेपेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : सेवावृत्ती ही त्यांना लग्नानंतर पतीकडून मिळालेली दीक्षा नव्हती, ती माहेरूनच आलेली होती. 18 डिसेंबर 1946 रोजी विवाह झाला आणि इंदूच्या साधना झाल्या.

जहागीरदार घराण्यातील, वकिली करणारा आणि वरोऱ्याचे उपनगराध्यक्षपद सांभाळणारा हा नवरा त्या काळी डोक्यावर मैल्याच्या पाट्या वाहून पाहत होता. दोघांनी वरोऱ्यात ‘श्रमाश्रम’ नावाचा सहजीवनाचा प्रयोग केला; वेगवेगळ्या जातींच्या कष्टकऱ्यांनी एकत्र राहावे आणि कमाई व खर्च सामाईक ठेवावा, अशी त्यामागची कल्पना होती. प्रयोग टिकला नाही. तरीही सोवळ्यात वाढलेल्या नववधूने पहिलाच संसार परक्यांसह एका चुलीवर मांडला, ही आनंदवनाची खरी पूर्वतयारी मानली पाहिजे.

कुष्ठरोग, ज्याला जुन्या मराठीत महारोग किंवा रक्तपिती म्हणत, हा एका जिवाणूमुळे होणारा, मुख्यतः त्वचा आणि परिघीय मज्जातंतू, म्हणजे मेंदू व मेरुरज्जूबाहेर शरीरभर पसरलेल्या संवेदनेच्या तारा, यांवर आघात करणारा रोग आहे. हॅन्सन या नॉर्वेजियन वैद्याने 1873 मध्ये तो जिवाणू शोधला. संवेदना गेल्यामुळे चटका बसला, काटा रुतला तरी रुग्णाला कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजत जातात. ही विद्रूपता लोकांना रोगापेक्षाही भयंकर वाटे. 1898 च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून डांबून ठेवण्याची मुभा दिली होती. 1940 च्या दशकात सल्फोन गटातील औषधे हाती आली, तरी रोग बरा झाला म्हणून घरचे दार उघडत नसे.

तुळशीराम नावाच्या मरणासन्न कुष्ठरुग्णाला पाहून भयाने पळालेले बाबा त्या भयावर मात करण्यासाठी याच कामाकडे वळले आणि उपचारपद्धती शिकण्यासाठी कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ या संस्थेत गेले. तेथे संशोधनासाठी त्यांनी कुष्ठजंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. प्रयोग फसला, त्यांना रोग झाला नाही. या घटनेचा गौरव नेहमी बाबांच्या धैर्याच्या अंगाने होतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्या वेळी विकास आणि प्रकाश ही दोन तान्ही मुले पदरात असलेल्या पंचविशीही न गाठलेल्या स्त्रीने त्या सुईबरोबर काय पणाला लावले होते, याचीही नोंद त्याच पानावर झाली पाहिजे.

शासनाने दिलेली 50 एकर जमीन खडकाळ, झुडपी आणि विंचू-सापांनी भरलेली होती. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर आमटे कुटुंब तेथे राहायला गेले. जून 1951 मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. आरंभीच्या झोपड्या, पाण्यासाठी खणाव्या लागलेल्या विहिरी, रात्री फिरणारी जनावरे यांची वर्णने साधनाताईंच्या ‘समिधा’ या आत्मकथनाचा मोठा भाग व्यापतात, आणि ती वाचताना जाणवते की बाबांनी ज्याला प्रयोग म्हटले त्याचा रोजचा हिशेब चुलीपाशी होत होता. पहाटे गोठा, मग स्वयंपाक, लेकरांचे करणे, पाहुण्यांची उठबस, आजाऱ्यांची शुश्रूषा, आणि या सर्वांत घरचे कोणते व संस्थेचे कोणते हे वेगळे काढता येऊ नये, अशी ती दिनचर्या होती. मुले रुग्णांच्या अंगाखांद्यांवर वाढली. रोग संसर्गजन्य असला तरी सहज जडत नाही, हे शास्त्रीय सत्य व्याख्यानांनी लोकांच्या गळी उतरले नसते. आई आपली लेकरे तेथे निर्धास्त वाढवते आहे, हे दिसणे त्याहून परिणामकारक होते.

जमीन पिकू लागली तेव्हा नवी अडचण उभी राहिली : कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी आणि दूध वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. 1954 मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या श्रमदानासाठी जगभर स्वयंसेवक पाठवणाऱ्या संघटनेचे तरुण येथे राहून इमारती बांधू लागले, तेथेच जेवू लागले, आणि तेव्हा गावाची भीती ओसरली. देशोदेशींच्या त्या पाहुण्यांची उठबस ज्या घराने केली, ते घर चालवणाऱ्या साधनाताई होत्या.

पुढील काळात आनंदवनात अंध व मूकबधिरांच्या शाळा, अपंगांसाठी कार्यशाळा आणि महाविद्यालये आली. ज्या समाजाने कुष्ठरुग्णांना हद्दीबाहेर घालवले त्याचीच मुले शिकण्यासाठी त्यांच्या गावात येऊ लागली. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे बाबांचे सूत्र या वाढीच्या मुळाशी होते. परंतु केवळ कामाने कारखाना उभा राहतो, गाव नाही. गावाला सण लागतात, बाळंतपणे आणि रुसवेफुगवे लागतात, बरे झालेल्या स्त्रीपुरुषांची लग्ने लावताना वडीलधाऱ्याच्या नात्याने पुढे होणारे कोणीतरी लागते. आनंदवनात ही जागा ‘ताईं’ची होती. स्वतः श्रद्धाळू असलेल्या आणि कर्मकांड न मानणाऱ्या पतीबरोबर नांदलेल्या या स्त्रीने आपला देव सोडला नाही आणि तो कोणावर लादलाही नाही. भिन्न जातिधर्मांच्या लोकांचे ते गाव एकत्र राहण्यात या समजूतदारपणाचा वाटा मोठा असला पाहिजे.

मणक्यांच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच उरले, आणि अशा स्थितीतच ते देशभर फिरत राहिले. 1990 मध्ये, चार दशकांच्या कष्टांनी आनंदवनाला स्थैर्य आल्यावर, बाबा नर्मदा धरणग्रस्तांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी मध्य प्रदेशातील कसरावद येथे नदीकाठी जाऊन राहिले. चौसष्टाव्या वर्षी साधनाताईंनी तेथे पुन्हा नव्याने चूल मांडली. पुढे सुमारे दहा वर्षे ते दोघांचे घर होते, आणि आंदोलनासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांचेही होते.

9 फेब्रुवारी 2008 रोजी बाबांचे आणि 9 जुलै 2011 रोजी साधनाताईंचे आनंदवनात निधन झाले. थोरले पुत्र डॉ. विकास आणि त्यांच्या पत्नी डॉ. भारती यांनी आनंदवन सांभाळले, धाकटे डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांनी डिसेंबर 1973 पासून, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळच्या हेमलकसा येथे, रस्ता आणि वीज नसलेल्या जंगलात माडिया गोंड आदिवासींसाठी ‘लोक बिरादरी प्रकल्प’ उभा केला. दोन्ही सुना डॉक्टर होत्या, आणि सासूने जे काम पदवीशिवाय केले ते पदवी व अधिकारासह करण्याची संधी त्यांना मिळाली. 1985 चा मॅगसेसे पुरस्कार एकट्या बाबांच्या नावे आला होता. 2008 मध्ये हेमलकशाच्या कामासाठी तोच पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी या दोघांच्या नावे जाहीर झाला, आणि तो पाहायला साधनाताई हयात होत्या.