शतांश सेकंदाची किंमत

२०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइल शर्यतीसाठी कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांना २२.४७ सेकंद लागले. कांस्यपदकाची वेळ होती २२.४६. एका शतांश सेकंदाने पदक हुकले.

खाडे सोळाव्या वर्षीच, २००८ साली, बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले होते. २०१० साली ग्वांगझू येथे पन्नास मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. १९८६ साली सेऊल येथे खजानसिंगांनी जिंकलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई जलतरणात भारताला मिळालेले हे पहिलेच पदक. पुढे ते राज्यशासनाच्या सेवेत तहसीलदार झाले. गौरव यथोचितच होता. परंतु कचेरीच्या व्यापात सरावात मोठा खंड पडला. २०२३ साली त्यांनी निवृत्ती स्वीकारली.

जे सोडावे लागते तीच निवडीची खरी किंमत, असे अर्थशास्त्र सांगते. जलतरणपटूच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात; ती साठवून ठेवता येत नाहीत.

२०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातील किल्लारीच्या पोराला तरणतलाव दूरचा वाटेल. पण कबड्डी वा खो-खो खेळणाऱ्या त्याच्यापुढेही प्रश्न हाच आहे. घरची ओढग्रस्ती पाहता नोकरी नाकारा, असे त्याला कोण सांगणार? म्हणून शासनानेच खेळाडूस नेमणुकीबरोबर सरावासाठी पूर्ण पगारी सवड द्यावी. नोकरी ही खेळाची अखेर नव्हे, आधार ठरली पाहिजे.