सूर्यमाळची थंडी, वस्तीचा पत्रा आणि हवेची गोधडी

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ थंडीसाठी ओळखले जाते. मागच्या हिवाळ्यात आरोग्य तपासणीसाठी आम्ही तिथल्या एका पाड्यावर मुक्कामाला होतो. पहिल्या रात्री आभाळ मोकळे होते आणि थंडी अशी की दोन गोधड्याही पुरेनात. दुसऱ्या रात्री ढग आले, तशी थंडी उतरली. शेकोटीजवळ बसलेली आजी म्हणाली, "आभाळ आलं का ऊब राहते, ताई." तिच्या सुनेने चुलीकडे बोट दाखवून विचारले, "धुरानं पृथ्वी तापली म्हणतात. मग ती आमच्याच चुलीनं तापली का?"

आजीच्या बोलण्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दिवसा उन्हाने जमीन तापते. रात्री ती उष्णता वर सोडते. ही उष्णता दिसत नाही, पण चुलीवरून उतरवलेल्या तव्याजवळ हात नेला की जाणवते. आभाळ मोकळे असले की यातली बरीच उष्णता निसटून जाते. ढग आणि वाफ असली की ती अडते आणि काही खाली परत येते. हवेतले काही वायूही हेच काम रात्रंदिवस करतात. त्यांना हरितगृह वायू म्हणतात.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के आहे. यांच्या रेणूत एकाच प्रकारचे दोन अणू असतात. ते जमिनीची उष्णता अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रस ऑक्साइड यांच्या रेणूत तीन अणू असतात, मिथेनमध्ये पाच. उष्णतेचे किरण लागले की हे रेणू थरथरतात, उष्णता शोषतात आणि ती चहूबाजूंना सोडतात. ही झाली पृथ्वीची गोधडी. ती नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ अंश असते. म्हणजे गोधडी हवीच. त्रास आहे तो ती जाड होण्याचा.

कारखान्यांचे युग सुरू होण्याआधी हवेच्या १०,००० रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू तीनपेक्षा कमी होते. आज ते चारपेक्षा जास्त आहेत. एवढ्याशाने काय होणार, असे वाटेल. पण थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी आठवा. तिच्यातले औषध म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, आणि तेवढ्यावर सगळ्या शरीराचा कारभार बदलतो.

आता सुनेचा प्रश्न. लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. लाकूड जळले की तो हवेत जातो, झाड पुन्हा फुटले की बराचसा परत झाडात येतो. कोळसा आणि डिझेल यांतला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो बाहेर काढून जाळला की हवेत नवी भर पडते आणि तिचा काही भाग हजारो वर्षे राहतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला, कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. तिथली वीज मुंबईला जाते. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत सुमारे १४ टन. पाड्यावरच्या बाईचा वाटा त्या २ टनांतही फार थोडा. म्हणून आम्ही तिला सांगितले, "बाई, हा दोष तुझ्या चुलीचा नाही."

पण चूल निरुपद्रवी आहे असेही नाही. तिच्या धुरातले बारीक कण फुप्फुसात बसतात, लेकरांना न्यूमोनिया आणि बायांना जुनाट खोकला देतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे तर जिवावर बेतते. तिथे मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तेव्हा चुलीजवळ खिडकी उघडी ठेवा, जमेल तिथे गॅस वापरा. हे पृथ्वीसाठी नव्हे, आपल्या छातीसाठी.

जाड झालेल्या गोधडीचा ताप सर्वांत आधी आपल्या वस्तीला लागतो. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही घराला थंड होऊ देत नाही. शरीराला विसावा मिळत नाही. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि तान्ही मुले यांना धोका जास्त. पत्र्यावर वरून चुना द्या. उन्हातले काम सकाळी ११ च्या आत आटपा. थकवा किंवा चक्कर आली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा. माणूस तापून बरळू लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. आपली जयंतीही एप्रिलमध्येच असते. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढा, वाटेत पाणी आणि सावली ठेवा. प्रत्येक मंडळाने दोन माणसे फक्त म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे आणि लेकरांकडे पाहायला नेमावीत. ढोल-ताशाची सुपारी देतानाच पाण्याच्या टँकरचीही व्यवस्था करा.