नोकरीचे आवतण आले, उत्तर काय द्यावे?

तळोजा औद्योगिक वसाहतीतील रसायन कारखान्यात रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या उत्पादन अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो, 'आपला बायोडाटा पाहिला. आमच्याकडे उत्तम संधी आहे. इच्छुक असल्यास कळवावे.' पूर्वी नोकरीची खबर कारखान्याच्या गेटवरील फलकातून, रविवारच्या वर्तमानपत्रातून किंवा शेजारच्या प्लॉटमधील मित्राकडून कळे. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आणि २००३ मध्ये लिंक्डइन सुरू झाले आणि हळूहळू हा क्रम उलटा झाला. आता उमेदवाराने अर्ज करण्याआधीच नोकरी त्याचे दार ठोठावते. मात्र या आवतणाला काय उत्तर द्यावे, याबाबत अनेकांचा गोंधळ उडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, असे निमंत्रण ही निवड नव्हे. भरती करणारी संस्था संकेतस्थळाला शुल्क भरते, 'केमिकल', 'प्रॉडक्शन', 'पनवेल' असे शब्द टाकून बायोडाटांची यादी काढते आणि एकच मजकूर अनेकांना धाडते. तो मजकूर खरोखर आपल्यासाठी आहे की नाही, हे त्यातील तपशिलावरून ओळखता येते. आयटीआयचा केमिकल प्लांट ऑपरेटरचा अभ्यासक्रम, बॉयलरचे प्रमाणपत्र किंवा विशिष्ट प्रक्रियेचा अनुभव यांचा उल्लेख असेल, तर कोणीतरी बायोडाटा वाचला आहे असे समजावे. नुसतेच 'आकर्षक पगार' लिहिले असेल, तर घाई नको.

उत्तर मात्र थोडक्यात आणि शक्यतो एक-दोन दिवसांत द्यावे. आभार, आपले सध्याचे काम एका वाक्यात आणि त्यापुढे प्रश्न: कंपनी कोणती, कारखाना नेमका कुठे, पाळ्या कशा, पद कायम की कंत्राटी, वेतनाची मर्यादा किती? कंपनीचे नाव प्रारंभी गुप्त ठेवण्याची पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. पण मुलाखतीची तारीख ठरेपर्यंतही नाव सांगितले जात नसेल, तर शंका घ्यावी. ठिकाणाचा प्रश्न तर संकोच न करता विचारावा. 'पश्चिम भारत' या गोंडस शब्दांमागे महाडही असू शकते, अंकलेश्वरही आणि दहेजही. खारघर-कामोठ्यात कर्ज काढून घर घेतलेल्या, मुले शाळेत असलेल्या कुटुंबाला हा फरक क्षुल्लक नाही. बेलापूरचे कार्यालय असेल, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोने वाट सोपी केली आहे. पाताळगंगेच्या कारखान्याला मात्र तिचा उपयोग नाही.

पगाराच्या आकड्यावर तर हमखास फसगत होते. सांगितला जाणारा वार्षिक आकडा हा कंपनीचा एकूण खर्च असतो. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही त्यातच मोजलेली असते. त्यामुळे आकडा मोठा दिसूनही दरमहा हाती पडणारी रक्कम आजच्याहून फारशी वेगळी नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून जुन्या आणि नव्या पगाराची तुलना करताना मूळ वेतन, भत्ते आणि कपाती यांचा वेगवेगळा तपशील लेखी मागवावा.

संधी नको असेल तरी गप्प राहू नये. 'सध्या बदलाचा विचार नाही, पुढे संपर्क ठेवावा' एवढे पुरे. लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तीला सशुल्क संदेश पाठवणाऱ्याला, नव्वद दिवसांत नकार जरी आला, तरी त्या संदेशाचे श्रेय परत मिळते. म्हणजे नकारानेही त्याचा फायदाच होतो आणि आपले नाव त्याच्या चांगल्या आठवणीत राहते.

गुप्ततेचे काय? तळोज्यासारख्या वसाहतीत बातमी कंपनीच्या बसपेक्षा वेगाने फिरते. नोकरी डॉट कॉमवर आपल्या कंपनीला बायोडाटा दिसू नये अशी व्यवस्था करता येते. लिंक्डइनवर 'नोकरीच्या शोधात' ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दाखवता येते. मात्र पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइनही देत नाही. कंपनीच्या ई-मेलवरून किंवा संगणकावरून असा पत्रव्यवहार करणे तर टाळलेलेच बरे.

आवतणांच्या गर्दीत भामटेही शिरले आहेत. घरबसल्या कामाचे आमिष दाखवणारी शंभरहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हा विमानतळावरील नोकरीचा संदेश आला, तर तो संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून पाहावा. भरती करणाऱ्या संस्थेचा मोबदला नोकरी देणारी कंपनी देते. 'नोंदणी', 'प्रशिक्षण' किंवा 'अनामत' म्हणून उमेदवाराकडे पैसे मागितले, की संवाद तिथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि संदेश पुसून टाकू नयेत.

सारे जुळले, तरी राजीनाम्याची घाई करू नये. अनेक कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस असते आणि फोनवरचा होकार त्या काळात फिरूही शकतो. नव्या संहितांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते हाती आल्यावर, त्यातील पद, ठिकाण आणि वेतन सुरुवातीच्या संदेशाशी ताडून पाहून मगच राजीनाम्याचा कागद पुढे करावा.