लालीची कड आणि प्रतिजैविकांची तुलना

जळगाव-धुळे पट्ट्यात पायात घुसलेली पऱ्हाटीची खुंटी, केळीच्या बागेत लागलेला विळा किंवा मधुमेह्याच्या बधिर तळव्यात रुतून राहिलेला बाभळीचा काटा अशा किरकोळ जखमेपासून सुरू झालेला संसर्ग कातडीखालच्या चरबीत पसरला, की पाय पोटरीपर्यंत लाल, गरम आणि टणक होतो, ताप चढतो आणि शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागते. अनेक प्रतिजैविकांपैकी कोणते सरस, याचा निवाडा मात्र दिसतो तितका सोपा नाही, कारण तो शेवटी एका रेघेवर अवलंबून असतो.

लाली जिथे संपते तिथे पेनाने कड आखून शेजारी तारीख व वेळ लिहिली जाते आणि पुढच्या राउंडला लाली रेघेच्या आत सरली की बाहेर गेली, हे पाहिले जाते. सावळ्या कातडीवर लाली नीट उठून दिसत नसल्याने हाताच्या पाठीने उष्णता आणि बोटाच्या टोकाने टणकपणा चाचपत कड शोधावी लागते, आणि एकाच पोटरीवर दोन डॉक्टरांच्या रेघा बोटभर अंतराने पडू शकतात. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनाने हीच रेघ मोजपट्टी केली: चाचणीत घेण्याजोगी लाली किमान ७५ चौरस सेंटिमीटर असावी, आणि उपचार सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत ती निदान २० टक्क्यांनी घटली, तर औषध लागू पडले असे मानावे. इतक्या लवकर पाहण्यामागे जुना पुरावा आहे. १९३७ मध्ये ग्लासगोत धावऱ्याच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातील पसरत्या संसर्गाच्या, ३१२ रुग्णांवर प्रोंटोसिल हे औषध आणि अतिनील किरण यांची तुलना झाली होती, आणि औषधाचा फरक पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठळक दिसला होता. पुढे पुष्कळ रुग्ण औषधाविनाही सावरतात. गळवाचे तर याहून अवघड, कारण चीर देऊन पू काढल्यावर बरे होण्याचे श्रेय सुरीचे की औषधाचे, हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतील परीक्षा अधिक रोखठोक असते. पुवातून वाढवलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस आगरच्या थाळीवर पसरून सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे निर्जंतुक वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भरले, तर तो जंतू एमआरएसए, म्हणजे क्लॉक्सासिलिन व सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा ठरतो. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांच्या चकत्या शेजारी ठेवल्यावर दुसऱ्या चकतीचे वर्तुळ पहिल्या चकतीच्या बाजूने चपटे झाले, तर क्लिंडामायसिन वरकरणी चालणारे असले तरी उपचारात दगा देऊ शकते. मग मुख्यतः उरतात ती व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड. पहिले तोंडावाटे या संसर्गावर चालत नाही आणि शिरेतून देताना मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. दुसऱ्याची गोळी इंजेक्शनइतकीच लागू पडते, परंतु दोन आठवड्यांपलीकडे रक्तातील प्लेटलेट घटण्याचा धोका वाढतो, शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठीही ते हवे असते.

याच लिनेझोलिडशी महाराष्ट्रातील एका औषधाची स्पर्धा झाली. वोखार्ट या औषध कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील संशोधन केंद्रातून आलेले लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन भारतातील ५०० रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. शिरेतून दिल्यावर ९१.० टक्के रुग्ण बरे झाले, लिनेझोलिडने ८७.८ टक्के, तोंडावाटे ही प्रमाणे ९५.२ आणि ९३.६ टक्के होती. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही रूपांना भारतात मंजुरी मिळाली. मात्र ही चाचणी नवे औषध जुन्यापेक्षा मागे पडत नाही एवढेच सिद्ध करण्यासाठी आखलेली होती, म्हणून या आकड्यांवरून ते सरस ठरले असे म्हणणे घाईचे होईल. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला किंवा शिरपूरच्या शेतमजुराला दोन-तीन टक्क्यांच्या फरकापेक्षा, सलाईन सोडून गोळीवर घरी जाता येते की नाही, हाच प्रश्न मोठा वाटेल.

प्रत्यक्षात येणारा रुग्ण बहुधा अशा चाचणीत बसणाराच नसतो. गावात दोन इंजेक्शने आणि दुकानातून गोळ्या घेऊन झाल्यावर पुवात जंतू वाढेलच असे नाही, आणि आधी प्रतिजैविक घेतलेल्याला चाचणीत सहसा घेतही नाहीत. मधुमेह्याच्या पायात तर स्टॅफिलोकोकसबरोबर आतड्यात वावरणारे ग्राम-निगेटिव्ह जंतूही मिळतात. त्यांच्यावर लिनेझोलिडचा उपयोग नसल्याने सोबत दुसरे औषध जोडावे लागते, आणि मग रेघ आत सरली तरी ती नेमकी कोणत्या औषधाने सरली, हे केसपेपरवरून ओळखता येत नाही.