नकलेंतील चूक व पिकाचा जनुकसंच

पिकाचे आनुवंशिक गुण डीएनए नामक सूत्रांत ए, टी, जी व सी या चार अक्षरांनीं लिहिलेले असतात. या संपूर्ण लेखास जनुकसंच म्हणतात. तो एका दमांत वाचतां येत नाहीं. सूत्राचे तुकडे करून, बहुधा त्यांच्या नकला वाढवून, ते वाचतात. मग जुळणारीं टोकें पाहून संगणकाकरवीं मूळ लेख सांधितात.

नकला वाढविण्याची पीसीआर ही रीत अमेरिकेंतील कॅरी मलिस यांस १९८३ सालीं सुचली; तीबद्दल त्यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक फेरीस नकला दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक. परंतु नकलेवरून नक्कल काढल्यास चूकही पुढें चालते, हें महसुली दप्तरांत आम्हीं नित्य पाहिलें आहे. एकाच सूत्रापासून आरंभ होऊन पहिल्याच फेरींत अक्षर चुकलें, तर अखेरच्या सुमारें चौथ्या हिश्शाच्या नकलांत ती चूक उतरते.

यापासून सांधणींत तीन दोष येतात. पहिला, एका जागीं दोन पाठ दिसून संगणक अडतो, किंवा चुकीचाच पाठ धरतो. कारण एकाच साक्षीदाराची जबानी दहा वेळां उतरली, तर ते दहा साक्षीदार भासतात. दुसरा, जी व सी अक्षरें फार दाट असलेल्या भागाच्या नकला कमी निघतात व तेथें खंड पडतो. तिसरा, अर्धवट नक्कल भलत्याच तुकड्यास जोडली जाऊन दूरच्या दोन जागा शेजारी भासतात. जणूं एका गांवचा सर्व्हे नंबर दुसऱ्या गांवच्या नकाशांत!

पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकारानें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुरीच्या मसुद्यांत सुमारें ८३ कोटी अक्षरांपैकीं सुमारें ६० कोटी सांधलीं गेलीं होतीं. उरलेल्याचा सारा दोष नकलांवर घालणें न्याय्य नव्हे. तोच मजकूर वारंवार येतो तेथें सांधणी मुळांतच कठीण. तथापि नवें वाण निवडणारे अशाच नकाशांतील खुणांवर रोपें राखतात वा काढतात. खूण चुकली तर कित्येक हंगामांचे श्रम वायां जातात.

उपाय आहेत. फेऱ्या कमी ठेवाव्या, चुकलेलें अक्षर स्वतः दुरुस्त करणारें प्रथिन वापरावें, एकाच तुकड्याच्या नकला एकच साक्ष म्हणून मोजाव्या. पिकाचें पान मुबलक मिळतें, तेथें नकला न वाढवितां मूळ सूत्रच, तेंही लांब तुकड्यांनीं, वाचणें उत्तम. आमच्या मतें दप्तर असो वा बीज, मुळाशीं रुजुवात घातल्याविना उताऱ्यावर विसंबूं नये.