राणीच्या बागेंतील मूक साक्षीदार

भायखळ्याची राणीची बाग म्हणजेच आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. वाघ नि पेंग्विन दाखविण्यास आपण मुलांना तेथें नेतों. पण आवारांतील पुतळ्यांपाशीं क्षणभरहि थांबत नाहीं. परवां आम्ही मुद्दाम थांबलों.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशीं घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो फुटला. १९१४ सालीं त्याचे तुकडे पुन्हां जोडण्यांत आले. याच बागेंत एक अश्वारूढ पुतळा आहे. पुढें सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा तो पुतळा सर आल्बर्ट ससून यांनीं दिला व १८७९ सालीं शहरांत उभारला गेला. मूळचा ‘काळा घोडा’ तो हाच! १९६५ सालीं तो येथें आला. चौकाचें नांव मात्र तेंच राहिलें, आणि २०१७ सालीं तेथें स्वाराविना नवा घोडा बसला.

“परक्या राजाला ठेवलाच कशाला?” असें घरांतील मुलें विचारतील. त्यांना सांगावें कीं, मान काढून घेणें निराळें आणि आठवण पुसणें निराळें. राजा चौकांतून गेला हें योग्यच झालें. पण तो वितळविला असता, तर गतकाळच्या दास्याची साक्ष कोणीं दिली असती?